आधी तारीख, मग शब्द

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, एका भट्टीवर आणि दोन चाकांवर हा कारखाना उभा करणाऱ्या आमच्या मोठ्या बाई. व्यासपीठावरचे आमचे साहेब, म्हणजेच मोठ्या बाईंचे चिरंजीव. भट्टीखात्याचे प्रमुख, ज्यांचे हात आज इतके स्वच्छ आहेत की मी आधी त्यांना ओळखलंच नाही. आजचे सत्कारमूर्ती, पॅकिंगखात्याचे सुपरवायझर आणि आपल्या सगळ्यांचे मामा. त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या मामी. आणि समोर खुर्च्यांवर, खुर्च्या संपल्यावर खोक्यांवर आणि खोकी संपल्यावर एकमेकांना टेकून बसलेल्या माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिलेली आहेत. चौदा वर्षं मी या कारखान्यात कपबश्या गुंडाळते आहे. पाच मिनिटांत मी चाळीस कप गुंडाळून दाखवते, कुणीही घड्याळ लावावं. पण मामांसारखा माणूस पाच मिनिटांत गुंडाळायचा म्हणजे माझ्या हातून काहीतरी फुटणार. तेव्हा साहेब, थोडा वेळ इकडेतिकडे झाला तर आत्ताच माफ करून टाका.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिने गोड बोलून फसवलं. माझं आजचं भाषण शंभर टक्के निःस्वार्थी नाही. शेवटी मी साहेबांकडे एक मागणं मागणार आहे. पॅकिंगखात्याच्या बायकांना ते काय आहे हे ठाऊक आहे. साहेबांनाही ठाऊक आहे, कारण मी तीनदा मागितलंय आणि तिन्ही वेळा साहेब "विचार करू" म्हणालेत. आमच्या वर्गात आम्ही याला इंग्रजीत काय म्हणतात ते शिकलोय. 'अंडर कन्सिडरेशन'. म्हणजे फाइल उघडी, पंखा चालू, माणूस जागेवर नाही. साहेब हसतायत. हसा साहेब, पण ऐकत राहा.

वर्ग म्हटलं मी. भट्टीखात्याच्या आणि रंगखात्याच्या मंडळींना वाटत असेल, पॅकिंगमध्ये कसला वर्ग? सांगते. आपला माल गुंडाळायला रद्दी येते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ती रद्दी कसली असते, ते कुणी बघितलंय? सगळी इंग्रजी. आणि त्यातही उद्योग-व्यापाराचीच वर्तमानपत्रं. मोठमोठ्या ऑफिसांतून एकगठ्ठा निघतात, घडीसुद्धा मोडलेली नसते. कागद लांबरुंद, मऊ, किटलीच्या नळीपर्यंत बरोबर पोचतो. मामा सकाळी मोठ्या सुऱ्याने त्या पानांचे चार चार तुकडे करायचे आणि आम्ही दिवसभर जगाच्या अर्थव्यवस्थेत कपबश्या गुंडाळायचो.

मी लागले तेव्हा इंग्रजीचं आणि माझं उभं वैर होतं. शाळेत इंग्रजीचा तास सुरू झाला की माझं पेन बाकाखाली पडायचं आणि तास संपेपर्यंत सापडायचं नाही. असं असताना, लागून महिना झाला नसेल, मी मामांना सहज विचारलं, "मामा, खोक्यावर हा फुटक्या ग्लासचा शिक्का आहे, त्याखाली काय लिहिलंय?" मामांनी खोक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काम कर." मला वाटलं, रागावले. दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या चहाला माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "फ्रॅजाइल. म्हणजे नाजूक, धक्का लागला की फुटणारं. काल मला येत नव्हतं. अकरा वर्षं रोज तोच शिक्का मारतोय आणि येत नव्हतं. काल जाताना डिक्शनरी घेतली."

मंडळी, तुमचा सुपरवायझर तुम्हाला "मला येत नव्हतं" असं कधी म्हणालाय का? भट्टीखात्यातून कुणी हात वर करू नका, प्रमुख इथेच बसलेत.

तिथून वर्ग सुरू झाला. साडेदहा ते पावणेअकरा, चहाच्या सुट्टीत. नियम एकच. समोरच्या रद्दीतून मामा एक शब्द काढणार, अर्थ सांगणार आणि मग प्रत्येकीने त्या शब्दाचं वाक्य करायचं. पण वाक्य कुणाचं? बँकेचं नाही, शेअरबाजाराचं नाही. वाक्य आपल्या घरातलं पाहिजे. मामांचं म्हणणं असं, की जो शब्द घरात राबतो तोच डोक्यात राहतो, बाकीचे पाहुणे, चहा पिऊन जातात. वाक्य जमलं की मामा चिकटपट्टीचं यंत्र टेबलावर आपटून म्हणायचे, "पेटीत!" म्हणजे पास. आणि नाही जमलं तर नुसते चष्म्यावरून बघायचे. त्यापेक्षा ओरडलेले परवडले असते.

आता तुम्हाला वाटेल, व्यापाराच्या बातम्यांतले शब्द, त्यांचं घरात काय काम? अहो, सगळं कामच घरात आहे! 'मोनोपॉली' म्हणजे एखाद्या वस्तूवर एकट्याचीच सत्ता. आमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर सासऱ्यांची मोनोपॉली आहे. पेटीत. 'सबसिडी' म्हणजे वरून मिळणारी मदत, ज्यावर एखादी न परवडणारी गोष्ट चालू राहते. माझ्या नवऱ्याच्या आळसाला सासूबाईंची सबसिडी आहे. पेटीत. 'करेक्शन', म्हणजे फार चढलेला भाव थोडा जमिनीवर येणं. आमच्यातली एक म्हणाली, "मी माहेरी गेले की तिसऱ्या दिवशी आईच्या लाडात करेक्शन येतं." मामा इतके हसले की चष्मा चहात पडला.

आणि आमच्या काकू! त्या बघा, दुसऱ्या रांगेत, आत्ता तोंड लपवतायत. पॅकिंगमधल्या सगळ्यात जुन्या. त्यांना 'मर्जर' शब्द आला होता, दोन कंपन्या एकत्र होणं. काकू म्हणाल्या, "माझं आणि धाकट्या जावेचं स्वयंपाकघर मर्ज झालं. भांडी दोघींची, घासणारी एकटी मी." हे वाक्य आठवडाभर कारखान्यात फिरत होतं, आणि शेवटी जावेपर्यंत पोचलं. त्यानंतर काकूंच्या घरी जे झालं त्याला 'डीमर्जर' म्हणतात, तो शब्द आम्ही पुढच्याच आठवड्यात घेतला.

मामांचे सगळे अर्थ बरोबर असायचे, असं मात्र मी म्हणणार नाही. आज निरोप आहे, पण खोटं कशाला बोला? 'बुलिश' म्हणजे बैलासारखा चिडलेला, असं त्यांनी ठोकून दिलं. आम्ही सगळ्यांनी आपापल्या सासवांना बुलिश करून टाकलं. दुसऱ्या दिवशी मामा येऊन म्हणाले, "काल मी फेकलं. बुलिश म्हणजे भाव चढणारच अशी आशा असलेला. सगळ्या सासवा परत घ्या." बत्तीस बायकांनी बत्तीस सासवा परत घेतल्या. चूक झाली तर दुसऱ्या दिवशी तोंडावर सांगायची, हे मी डिक्शनरीत नाही, मामांकडे शिकले.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नव्हतं. एकदा 'रिकव्हरी' आला. खूप पडल्यावर हळूहळू पुन्हा सावरणं. सगळ्यांची वाक्यं झाली, ताप उतरला, परीक्षेत मार्क वाढले, असली. काकूंची पाळी आली. काकू म्हणाल्या, "हे गेल्याला तीन वर्षं झाली. परवा भांडी घासताना मी एकटीच मोठ्याने हसले. ही रिकव्हरी." त्या दिवशी मामांनी यंत्र आपटलं नाही. हळूच म्हणाले, "पेटीत, काकू." आणि मग आम्ही कामाला लागलो. इंग्रजीचा तास असाही असू शकतो हे माझ्या शाळेत मला कुणी सांगितलं असतं, तर माझं पेन बाकाखाली पडलं नसतं.

आता मी त्या प्रसंगावर येते, ज्याची कुजबुज सगळ्या कारखान्याने ऐकलीय पण खरी हकीकत पॅकिंगलाच माहीत आहे. बश्यांचा प्रसंग. साहेब, घाबरू नका, सहा वर्षं झाली त्याला.

झालं असं, की एके दिवशी माझ्या हातात कागदाचा एक तुकडा आला आणि त्यावर एक नाव दिसलं. आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ती हॉटेल कंपनी. ते नाव आम्ही रोज खोक्यांवर छापतो, झोपेतसुद्धा ओळखू. त्या नावाशेजारी शब्द होता, 'लिक्विडेशन'. मामांनी डिक्शनरी उघडून अर्थ सांगितला. कंपनी बंद करून होतं नव्हतं ते विकून टाकणं. मामा म्हणाले, "मी साहेबांशी बोलतो." पण साहेब गावाला गेलेले, आणि दुसऱ्या दिवशी मामांची रजा. आणि दुसऱ्या दिवशीच त्या कंपनीचा ट्रक दारात उभा.

काय करायचं? आम्ही बायकांनी चहाच्या सुट्टीत बैठक घेतली. मी म्हटलं, "कंपनी बुडतेय. आपला माल गेला की बुडाला. साहेबांचं नुकसान आपण उघड्या डोळ्यांनी बघायचं का?" काकू म्हणाल्या, "जेवढं वाचेल तेवढं वाचवू." आणि आम्ही, कुणाला न विचारता, अठरा खोकी मांडणीमागे सरकवून वर भुसा टाकला. मोठं राष्ट्रकार्य केल्यासारखं वाटत होतं हो आम्हाला! फक्त एक झालं. घाईत जी खोकी हाताशी होती ती लपवली, आणि ती सगळी बश्यांची होती.

तिसऱ्या दिवशी फोन आला. नव्या हॉटेलचं उद्घाटन, चारशे पाहुणे, चारशे कप आणि बशी एकही नाही. पाहुण्यांनी म्हणे कप रुमालावर ठेवून चहा घेतला. साहेब गावाहून तडक खाली पॅकिंगमध्ये आले. त्यांचा तो आवाज भट्टीपर्यंत गेला होता असं म्हणतात. "कुणी केलं हे?"

मंडळी, बत्तीस जणी खाली बघून कप गुंडाळायला लागल्या. आणि मामा, ज्यांना त्या क्षणापर्यंत यातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं, जे सकाळी रजेवरून नुकतेच आले होते आणि ज्यांनी हॉटेलचं नाव ऐकताच सगळं ओळखलं, ते पुढे झाले आणि म्हणाले, "मी, साहेब. शब्द मी शिकवला." साहेब म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नका." मामा सुरा टेबलावर ठेवून हात पुसायला लागले.

मी आयुष्यात कधी साहेबांसमोर बोलले नव्हते. तरी मी तो कागद पुढे केला आणि म्हटलं, "साहेब, मामा काल रजेवर होते. आम्ही केलं. हे बघा, हे वाचलं म्हणून केलं." साहेबांनी कागद घेतला, वाचला आणि त्यांचाही चेहरा उतरला. वरची कड कापलेली, तारीख कुठेच नाही. तेवढ्यात आपला ट्रक ड्रायव्हर, जो राहिलेल्या बश्या न्यायला आला होता, तो साहेबांच्या पाठीमागून कागदाच्या दुसऱ्या बाजूला डोकावला आणि म्हणाला, "ही मॅच? अहो, ही तर माझी मुलगी पहिलीत होती तेव्हाची. आता सहावीत आहे."

पाच वर्षांपूर्वीची बातमी! ती कंपनी तेव्हा बुडता बुडता दुसऱ्या कुणीतरी विकत घेतली होती आणि कधीच सावरली होती. आम्ही मात्र रद्दीत वाचलं ते आजचं समजून बसलो. आणि मग जिन्यावरून हसण्याचा आवाज आला. मोठ्या बाई उभ्या होत्या. मोठ्या बाई, तुमचं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ आहे. तुम्ही साहेबांना म्हणालात, "अरे, चुकल्या, पण वाचून चुकल्या. तू वर्तमानपत्र तरी वाचतोस का?"

मामा राहिले. आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गात नवा नियम आला. मामा कागद असा कापायचे की वरची तारीख जागेवर राहील, आणि शब्द काढण्याआधी कुणीतरी मोठ्याने तारीख वाचायची. आधी तारीख, मग शब्द. मामी, हा नियम तुमच्या घरीही पोचला, हे आम्हाला माहीत आहे. लग्नाची पत्रिका आली तरी मामा म्हणे आधी साल बघतात. तुम्ही सोसलंत ते आमच्यामुळे, त्याबद्दल पॅकिंगखात्यातर्फे जाहीर दिलगिरी.

तारखा वाचायला लागल्यावर आम्हाला आणखी एक मजा कळली. रद्दी काही क्रमाने येत नाही. त्यामुळे आमच्याकडे कंपनी आधी बुडायची आणि मग चार महिन्यांनी तिचं उद्घाटन व्हायचं. मंत्री आधी राजीनामा द्यायचे, मग शपथ घ्यायचे. पेपरवाले ज्यांना तज्ज्ञ म्हणतात, त्यांचे अंदाज आम्ही निकाल माहीत झाल्यावर वाचायचो. आम्ही इतक्या अंदाजांत कप गुंडाळलेत, की आता तज्ज्ञ म्हटलं की मी आधी बश्या मोजते.

आता साहेब, इथे मी थांबून तुमची परवानगी घ्यायला हवी. दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट आहे. तुम्ही मला म्हणाला होतात, "कुणाला सांगू नका," आणि मी नवऱ्यालाही सांगितली नाही, यावरून काय ते समजा. पण आज मामा निघालेत. त्यांना कळल्याशिवाय त्यांनी जावं हे माझ्या मनाला पटत नाही. सांगू? साहेब मान हलवतायत. ती आडवी हलली की उभी, हे मला इथून नीट दिसत नाही, तेव्हा सांगते.

मी नव्या किटलीच्या खोक्याचे नमुने दाखवायला साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते. समोर एक सल्लागार बसलेले. चकचकीत फोल्डर, चकचकीत बूट. ते सांगत होते, एक मोठा समूह आपल्या कारखान्याच्या शेजारीच प्रचंड प्लांट टाकतोय, 'कन्सॉलिडेशन' सुरू झालंय, म्हणजे मोठे छोट्यांना पोटात घेणार, तेव्हा या महिन्यात कारखाना विकून मोकळे व्हा, गिऱ्हाईक मी आणलंय. पुरावा म्हणून टेबलावर एक कात्रण ठेवलेलं. आणि साहेबांच्या हातात, मोठ्या बाई, साहेबांच्या हातात पेन होतं.

मोठ्या बाई साहेबांकडे बघतायत. बाई, थोडं थांबा, शेवट गोड आहे.

मी खोकी टेबलावर ठेवताना त्या कात्रणावर नजर गेली. फोटोत तीन माणसं एकच फावडं धरून उभी. तो फोटो मी कसा विसरेन? ज्या दिवशी 'कन्सॉलिडेशन' शब्द घेतला, त्या दिवशी तोच फोटो टेबलावर होता आणि काकू म्हणाल्या होत्या, "फावडं एक, हात सहा, खड्डा कोण खणणार?" मग मीच त्यात एक किटली गुंडाळली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आधी तारीख."

सल्लागारांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू खोकंच बोललं. मी म्हटलं, "बातमी खरी आहे साहेब, पण चार वर्षांची शिळी आहे. आणि पुढचीही बातमी आम्ही वाचलीय. 'शेल्व्हड' शब्द होता त्यात. म्हणजे गुंडाळून फळीवर ठेवलं. तो प्लांट होणारच नाहीये." सल्लागार कात्रण फोल्डरमध्ये घालायला लागले. साहेब म्हणाले, "राहू द्या ते इथे." आणि पेनाचं टोपण लावलं. त्या टोपणाचा आवाज मला अजून ऐकू येतो. साहेबांनी नंतर चौकशी केली, आणि कात्रणाची तारीख खरोखरच चार वर्षांपूर्वीची निघाली.

मामा, हे तुम्हाला आज कळतंय. या हॉलमध्ये बसलेले आम्ही एकशे चाळीस जण उद्या सकाळी भोंगा झाल्यावर ज्या दारातून आत येणार आहोत, ते दार तुमच्या चहाच्या सुट्टीमुळे उघडं आहे. पंधरा मिनिटं, एक शब्द आणि वर एक तारीख. मला तेव्हाच धावत येऊन तुम्हाला सांगावंसं वाटलं होतं. दोन वर्षं गप्प बसणं मला किती जड गेलं असेल, हे मला ओळखणाऱ्या कुणालाही विचारा.

आता माझं मागणं. सोमवारपासून आपल्याकडे गुंडाळणीचं नवं यंत्र सुरू होतंय. चांगलं आहे, बोटं दुखायची थांबतील. कुणाचीही नोकरी जाणार नाही, हे साहेबांनी लेखी दिलंय, खाली तारीखसुद्धा आहे, आम्ही तपासली. पण ते यंत्र खाकी कागद वापरतं. कोरा. त्यावर एकही शब्द नाही. म्हणजे सोमवारपासून रद्दी बंद, आणि त्याच सोमवारी मामाही नाहीत. सुपरवायझर म्हणून मामांच्या जागी साहेबांनी मला नेमलं, त्याबद्दल मी आभारी आहे. पण वर्गाशिवाय ती जागा मला अर्धीच वाटते.

साहेब, माझं मागणं एवढंच. पॅकिंगखात्याला रोज एक वर्तमानपत्र द्या. इंग्रजी, उद्योग-व्यापाराचं, आणि ताजं. आजवर आम्ही जग शिळं वाचलं. एकदा तरी आजची बातमी आज वाचू द्या. आणि साडेदहाची पंधरा मिनिटं आमची आमच्याकडे राहू द्या.

साहेब पुन्हा हसले. साहेब, वर्गात आम्ही शिकलोय, 'पॉझिटिव्ह सेंटिमेंट', म्हणजे बाजाराचा चांगला मूड, हा काही करार नव्हे. मला शब्द हवा. काय म्हणालात, मोठ्या बाई? माइक द्या हो बाईंना कुणीतरी. बरं, माइक नको म्हणतायत, मीच सांगते. बाई म्हणतायत, एक नाही, दोन वर्तमानपत्रं. एक पॅकिंगला आणि एक साहेबांच्या टेबलावर. आणि साहेब मान हलवतायत, आणि या वेळी ती उभीच हलतेय, मला अगदी स्वच्छ दिसतंय. टाळ्या वाजवा मंडळी, साहेबांचा विचार बदलायच्या आत!

थांबा, थांबा. अजून एक राहिलंय, आणि ते माझं आणि मामांचं आहे.

मामा, गेल्या आठवड्यात तुमचं कपाट रिकामं करताना मला तुमची वही सापडली. पहिल्या पानावर 'फ्रॅजाइल', शेजारी तारीख. मग एकेका ओळीवर एकेक शब्द, शेवटपर्यंत. मी सगळी वाचली. एक शब्द त्यात तीन वेळा लिहिलाय आणि तिन्ही वेळा खोडलाय. शेजारी तुमच्या अक्षरात लिहिलंय, 'हा घ्यायचा नाही.' शब्द आहे 'रिडंडंट'. मी डिक्शनरी काढून बघितला. ज्याची आता गरज उरली नाही असा. कामगार कमी करण्याच्या बातम्यांत तो असतो. रद्दीत तो किती वेळा आला असेल, आणि तुम्ही आमच्यापर्यंत पोचू दिला नाहीत. काकूंसमोर नाही, माझ्यासमोर नाही, कुणासमोरच नाही.

मला माहीत आहे, यंत्राची बातमी आल्यापासून तो शब्द तुमच्याही मनात घोळत असणार. परवा तुम्ही सुऱ्याला धार लावत होतात. मी विचारलं, "आता कशाला?" तुम्ही म्हणालात, "सवय." मी बाजूला जाऊन रडले, ते सांगून टाकते.

पण वर्गातून एखादा शब्द घाबरून चुकवायचा, हे तुमच्याच नियमात बसत नाही. तेव्हा सोमवारची वाट न बघता मी आज, आत्ता, तुमच्यासमोर तो शब्द घेते. आधी तारीख. तारीख आजची. शब्द, रिडंडंट. आणि वाक्य घरातलंच पाहिजे ना? मग ऐका. 'आमच्या घरात रिडंडंट कोणी नाही.'

मामा, चष्मा नंतर पुसा. वाक्य बरोबर आहे का, तेवढं सांगा. आम्ही बत्तीस जणी थांबलोय.

ऐकू आलं नाही, मामा. भट्टीखात्यापर्यंत जाऊ द्या.

ऐकलंत, मंडळी? पेटीत म्हणाले.

आता मी बसते. मोठ्या बाईंनी अध्यक्षपद भूषवलं आणि शिवाय आमचा प्रश्नही सोडवला, त्याबद्दल त्यांचे आभार. साहेबांनी एक गुपित उघड झालं तरी खुर्ची सोडली नाही, त्यांचे दुप्पट आभार. मामींनी इतकी वर्षं मामांना सकाळी लवकर पाठवलं म्हणून आमचा शब्द तयार असायचा, त्यांचे आभार मानायला माझ्याकडे दोन्ही भाषांत शब्द नाही. आम्हा सगळ्यांतर्फे मामांना एक छोटी भेट आहे, कप आजच्या वर्तमानपत्रात गुंडाळलाय, बशी आहे, मी स्वतः दोनदा बघितलीय. बोलण्याच्या भरात कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला जास्त चिडवलं गेलं असेल, कुठे अर्थ चुकला असेल, तर आज पोटात घाला. उद्या साडेदहाला भेटा, चूक असेल तर मी तोंडावर कबूल करीन. मला तसंच शिकवलंय. नमस्कार.